लाल-पांढरी वायर

३ मार्च

लग्नाचं पहिलं वर्ष. कारखान्याच्या क्वार्टरची गच्ची, थंडीतली दुपार, आम्ही दोघं शेंगा सोलत बसलेलो. यांच्याकडे तळहातात मावेल एवढा ट्रान्झिस्टर होता आणि त्याला कानात घालायची एकच गोळी. बातम्या लागल्या की हे ती माझ्या कानात घालायचे, गाणं लागलं की काढून स्वतःच्या. ‘तुला इंग्रजीतल्या पण कळतात, तू बातम्या ऐक.’ गाणी सगळी त्यांना. मी तक्रार केली नाही. ती गोळी माझ्या कानात यायची तेव्हा त्यांच्या कानाची ऊब तिला असायची. त्या दुपारच्या बातम्यांतलं एक अक्षर आठवत नाही.

आज हे आठवलं, कारण लातूरहून कान दाखवून आलो. उजवा जवळजवळ गेलाच आहे. डावा त्याच्या मागोमाग. आतलं कसलंसं बारीक हाड घट्ट झालंय. पुण्याला ऑपरेशन करावं लागेल, मे महिन्यात. ऐकू येईल, किंवा आहे तेही जाईल. डॉ. फार सभ्य होते, दोन्ही वाक्यं एकाच आवाजात म्हणाले.

येताना गाडीत हे, दिंद्रुड जवळ आलं तेव्हा म्हणाले, ‘टीव्हीला चांगले स्पीकर घेऊ. आहे तोवर नीट ऐकू.’

मला इतकं बरं वाटलं की खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नाही. उसाच्या जागी नुसती ढेकळं.

४ मार्च

टीव्हीबद्दल लिहायचं राहिलं. यांच्या निरोपाला कारखान्याच्या नोकरांच्या पतसंस्थेने दिला, भिंतभर मोठा. दिसायला सुरेख, आवाज पत्र्याच्या डब्यातून. कारखान्यात इतकी वर्षं काढून हे निवृत्त झाले त्या दिवशी भोंगासुद्धा वाजला नाही. यंदा धरणात पाणी नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून हंगाम नाही, हंगाम नाही तर भोंगा कुठला. शाल, नारळ, टीव्ही. यांनी हार काढून माझ्याकडे दिला आणि यार्डातल्या रिकाम्या वजनकाट्याकडे बघत राहिले.

आता दिवसभर घरी. मला आवडतं. कुणाला सांगत नाही, पण आवडतं. इतक्या वर्षांनी माणूस माझ्या वाट्याला आलाय.

६ मार्च, रविवार

माजलगाव. मन्मथअप्पांचं दुकान. पूर्वी तिथे फक्त पंखे आणि मिक्सर असायचे. अप्पांच्या कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि हातात रिमोट.

त्यांनी होम थिएटर (यापुढे हो. थि.) मांडून दाखवलं. एक चपटा डबा, चार छोटे स्पीकर कोपऱ्यांत ठेवायला, एक मधला, आणि जमिनीवर एक ठोकळा, जो छातीत वाजतो. अप्पा म्हणाले, कारखान्याचा भोंगा बंद पडला म्हणून काय झालं, साहेबांच्या घरचा चालू करू. हे हसले. दुकानात एवढ्या मोठ्यानेच बोलतात म्हणून यांना सगळं ऐकू येत होतं.

मग वायरींचं. टीव्हीपासून डब्यापर्यंत आवाज नेण्याच्या रीती निरनिराळ्या. एक चपटी जाड, चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी. ती आमच्या टीव्हीच्या एकाच भोकात चालते आणि तिथे डिशची आधीच बसलेली आहे. दुसरी काळी, बारीक, ऑप्टिकल. अप्पांनी तिचं एक टोक चालू टीव्हीला लावलं आणि दुसरं माझ्या तळहातावर धरलं. तळहातावर लाल ठिपका.

‘बाईसाहेब, हिच्यातून आवाज जातच न्हाई. उजेड जातो. हिकडून उजेड घालायचा, तिकडून गाणं निघतंय. मी सवता अजून भरवसा ठिवला न्हाई, पण निघतंय.’

तिसरी आपली जुनी. एका टोकाला लाल आणि पांढरी पिन, दुसऱ्या टोकाला तशाच दोन. टेप डेक, व्हीसीआर, सगळ्यांना हीच लागायची.

माहितीपुस्तक यांनी न उघडता माझ्याकडे दिलं. या घरात इंग्रजी छापलेलं काहीही आलं की ते माझ्या मांडीवर येतं. औषधाची चिठ्ठी, खताच्या पोत्यावरचं, कोर्टाची नोटीस. मी चष्मा लावला आणि वाचू लागले. सिस्टर अ‍ॅग्नेसनी कॉन्व्हेंटात वाचायला उभं केलं की वर्ग गप्प व्हायचा, तसं दुकान गप्प झालं. मान्य करते, मला ते आवडलं.

मी म्हटलं, ऑप्टिकल. स्वच्छ आवाज, मध्ये खरखर नाही, यांच्या कानाला सोपं पडेल.

परत येताना हे म्हणाले, ‘ती लाल-पांढरी पण आहे ना खोक्यात? जुना डेक जोडायचाय. वहिनीची कॅसेट लावू.’

मी म्हटलं, बघते.

एवढंच म्हटलं.

७ मार्च

वहिनी म्हणजे अक्का. माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत राहतात. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परळीला वीज केंद्रात, सून सुनंदा, ती येऊन-जाऊन. अक्का परळीला राहत नाहीत. तिथली राख भाकरीवर बसते म्हणतात. खरं कारण वेगळं आहे, ते अंगणाच्या या बाजूला राहतं.

अक्का या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा यांना आई नव्हती. हे हाफ पँटीत होते. अक्कांनी यांना न्हाऊ घातलं, मारलं, शाळेत पाठवलं, विषमज्वरात मांडीवर घेऊन बसल्या. हे सगळं मला लग्नात पहिल्या पंगतीच्या आतच कळलं, निरनिराळ्या बायकांनी सांगितलं. म्हणजे माझी तक्रार करण्याची सोयच आधी काढून घेतली.

दुसरी बाई असती तर भांडले असते. आईसारखी जाऊ, तिच्यावर जळायचं कसं? कुणाला सांगायचं? मी इथे लिहिते.

आणि कॅसेट. कारखान्याचा पहिला हंगाम, मोळीपूजन. पहिली उसाची मोळी यंत्राच्या गव्हाणीत टाकायची, त्याआधी बायकांनी ओव्या म्हणायच्या असं ठरलं. म्हटल्या अक्कांनीच. बाकीच्या नुसत्या मान हलवत होत्या. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मळ्यातल्या माणसांनी काम थांबवलं. हे तेव्हा ऑफिसात कारकून, ऑफिसचा टेपरेकॉर्डर घेऊन पुढे बसलेले.

अक्कांचं झालं. चेअरमन म्हणाले, नव्या सूनबाई कॉन्व्हेंटच्या, त्यांनीही काही म्हणावं. मी उभी राहिले. नऊवारीत पाय अडकत होता. शाळेची मराठी प्रार्थना म्हटली, दोन कडवी, न चुकता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, ऐकू या. कॅसेटवर मी नव्हतेच. ‘कॅसेट संपली असती गं, म्हणून बटण बंद केलं.’ संपली नव्हती. निम्मी कोरी होती.

अक्कांच्या गळ्याचं पुढे ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता बोलतात ते पाट्यावर मीठ वाटल्यासारखं. त्यामुळे ती कॅसेट म्हणजे घरातला देव झाली आहे. आणि देवाशी स्पर्धा...

१२ मार्च

खोकी आली. हे सोसायटीत गेले होते, चारा छावणीच्या मीटिंगला. मी एकटीने उघडली. स्पीकर, डबा, ठोकळा, रिमोट, ऑप्टिकल. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ला. पां. (लाल-पांढरी) वायर.

ती मी माझ्या कपाटात ठेवली. लोकरीच्या शालीखाली.

हे आल्यावर म्हणाले, सगळं आलं का? मी म्हटलं, ती लाल-पांढरी नाही खोक्यात.

‘अप्पाला सांगतो.’

हे अगदी सहज म्हणाले. मी रिकामी खोकी आवरू लागले.

१५ मार्च

टँकर आला नाही. अक्कांनी घागरी ओळीने लावून ठेवल्या आणि स्वतः सावलीत बसून राहिल्या. मला म्हणाल्या, ‘मडम, तुमच्या त्या पेटीतून पानी न्हाई का येत?’ त्या मला पहिल्या दिवसापासून मडम म्हणतात. चारचौघांत ‘आमची मडम’. त्यात कौतुक किती आणि टोचणी किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

मी म्हटलं, पेटी अजून जोडली नाही अक्का. पाडव्याला जोडू म्हणतात.

‘पाडव्यालाच जोडा. नवी वस्तू हाय. पूजा करून जोडा. अशी खामखा न्हाई.’

अप्पा दुकान बंद करून मुलीच्या बाळंतपणाला सोलापूरला गेलेत, असं यांनी फोन करून कळवून घेतलं. ला. पां. वायर पाडव्यापर्यंत मिळणार नाही.

सुटले असं वाटलं. मग दिवसभर तसं वाटलं म्हणून वाईट वाटत राहिलं. दोन्ही खरं.

२२ मार्च

नीताचा फोन, पुण्याहून. लेक म्हणून नाही, इंजिनियर म्हणून बोलली. आई, ऑप्टिकल उत्तम, फक्त वाकवू नकोस, आत काचेसारखं असतं. टोकावरची टोपी लावायच्या आधी काढ. मागचा डावा स्पीकर बाबांच्या कानाजवळ घे.

मग हळू आवाजात, ‘बाबांना कितपत ऐकू येतं आता?’

मी म्हटलं, माझं येतं.

खरं तर माझंही दोनदा म्हणावं लागतं. अक्कांचं तर मुळीच येत नसणार, त्या नुसत्या घोगरतात. तरी अक्का अंगणातून ‘भाऊ’ म्हणाल्या की हे मान वळवतात. कसं ते मला कळत नाही. मी स्वयंपाकघरातून तीन हाका मारते.

२९ मार्च

आज स्पीकर टांगले. स्पीकरच्या वायरी लाल आणि काळी. लाल लालमध्ये, काळी काळीत. उलट झालं तर स्पीकर एकमेकांचा आवाज खातात असं पुस्तकात आहे. एकाच खोलीत दोघं बोलत असतात आणि मधे उभ्या माणसाला पोकळी ऐकू येते.

मी ते यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, नीट लाव मग.

खिळे यांनी ठोकले, शिडी मी धरली. धूळ माझ्या केसांत. यांनी खाली येऊन झटकली, आणि मग हात तसाच डोक्यावर ठेवून म्हणाले, ‘पांढरे कधी झाले एवढे?’ मी म्हटलं, तुम्ही कारखान्यात होतात तेव्हा.

चांगला दिवस होता. कुणीही मध्ये आलं नाही.

८ एप्रिल, गुढीपाडवा

सगळं लिहून ठेवायचंय.

सकाळी गुढी. गाठी यंदा हातभर लांबीच्या नाहीत, बोटभर. साखर कारखान्याच्या गावात साखरेच्या गाठी लहान झाल्या, यावर हे दाराशी आलेल्या सगळ्यांना तोच विनोद सांगत होते.

मग हो. थि. मी ऑप्टिकलचं एक टोक टीव्हीत घातलं, टीव्ही चालू होता. दुसरं टोक खाली लोंबत होतं, त्याच्यावर लाल ठिपका जळत होता. डब्यात घालायच्या आधी चष्मा आणायला आत गेले. अक्का पूजेचं ताट घेऊन आल्याच होत्या.

आले तेव्हा डब्याला हळदकुंकू, ठोकळ्याला हळदकुंकू, प्रत्येक स्पीकरला बोट लावलेलं. नारळ फोडून झालेला. मी वायर उचलली, मागे वाकून डब्यात खटकन बसवली आणि टीव्हीच्या मागूनच म्हटलं, गाण्याचा चॅनेल लावा.

चित्र आलं. कुणीतरी बाई तंबोऱ्यासमोर बसून गात होती. आवाज नाही. टीव्हीचा स्वतःचा मी आधीच बंद केला होता.

मला वाटलं बटण. मी मागे वाकून बघत होते, डब्यावरचे आकडे, वायरी. मग मी टीव्हीच्या बाजूने डोकं काढून यांच्याकडे पाहिलं.

हे हसत होते. खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला होता. मान हलत होती, गाण्याबरोबर, म्हणजे त्या बाईच्या ओठांबरोबर. डोळे मात्र... मी ते डोळे एकदाच पाहिलेत, नीता तापात फणफणली होती तेव्हा. त्यांना वाटलं होतं आवाज चालू आहे. आम्ही ऐकतोय आणि ते नाहीत. डावा कानही गेला, पुण्याच्या आधीच, पाडव्याच्या दिवशी. आणि आम्हाला कळू नये म्हणून ताल धरला होता.

मी ओरडले. मी सहसा ओरडत नाही.

‘अहो, बंद आहे तो! पेटीच बोलत नाहीये. कुणालाच ऐकू येत नाहीये!’

त्यांची बोटं थांबली. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हो का?’ आणि लगेच रुमाल काढून चष्मा पुसू लागले, बराच वेळ.

मग म्हणाले, ‘ती लाल-पांढरी असती तर डेक लावून बघता आला असता. निदान पेटी चालते का ते कळलं असतं.’

मी कपाटाकडे गेले. शाल उचलली. वायर आणून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी वायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘सापडली,’ म्हणाले. विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

डेक जोडला. पांढरी पांढरीत, लाल लालमध्ये. माझ्याच हातांनी. कॅसेट यांनी घातली.

आधी वारा. मग लोकांची कुजबूज, लांबवर बैलगाड्यांच्या घंटा. मग अक्का.

चारही कोपऱ्यांतून. तिशीतल्या अक्का, भरल्या आवाजाच्या. ठोकळ्याची घरघर नाही, काही नाही, नुसता गळा. हे खुर्ची तिरकी करून डावा कान स्पीकरला लावून बसले. डोळे मिटले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर असे डोळे मिटून ते कधी बसले नाहीत.

ओव्यांत सगळे होते. उसाची मोळी, गव्हाण, गाडीवान, धरणाचं पाणी येणार म्हणून वाट बघणारी विहीर. आणि दीर.

दीर माझा ग धाकला, लिहितो कारखान्यात
त्याच्या टाकाची ग शाई, माझ्या पदराच्या काठात

यांचं तोंड बघवत नव्हतं. मी खोलीतल्या सगळ्या स्पीकरांकडे आळीपाळीने बघत होते, कुणीतरी माझं नाव घेईल म्हणून. नवी नवरी घरात आली होती ना त्या वर्षी. एका ओवीत यायला काय हरकत होती?

नाही.

अक्का ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मध्येच मला म्हणाल्या, ‘ही कोन गं बया, एवढं गळा काढून वरडतीय?’ आणि स्वतःच्या विनोदाला खोकत हसल्या.

शेवटची ओवी झाली. टाळ्या. चेअरमन काहीतरी म्हणाले, ‘नव्या सूनबाई’ एवढं स्पष्ट. खुर्च्या सरकल्या. आणि मग अगदी जवळ, मागच्या उजव्या स्पीकरमधून, कुणीतरी घसा खाकरला. बारीक, दोनदा. मग खट. मग काही नाही.

मी होते. एवढी मी कॅसेटवर आहे. जुन्या डेकच्या भोंग्यातून हे कधी ऐकू आलं नव्हतं.

यांना उजव्या बाजूचं ऐकू येत नाही. ते अजून डोळे मिटूनच.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. ‘तू खाकरलीस,’ म्हणाल्या.

९ एप्रिल

ऑप्टिकलचं कळलं. वायर काढून पाहिली, टोकावर कुंकू. ओलं लावलेलं, वाळून पापडी झालेली. उजेड अडला, आवाज अडला. मऊ कापसाने हळूच पुसलं, लावली, टीव्ही बोलू लागला.

अक्कांना सांगितलं. रागाने नाही. म्हणजे रागाने नाही असं मी ठरवून गेले होते.

त्या ज्वारी निवडत होत्या. ऐकून घेतलं. ‘दिवा जळत व्हता. पाडव्याचा जळता दिवा बगून कुंकू लावायचं न्हाई तर काय करायचं? ...उजेडातून बोलनं जातं?’

जातं म्हटलं.

‘मंग मी लावलं ते बरं क वाईट?’

मी सुपातले खडे वेचू लागले. मग त्याच बोलल्या, खाली बघत, त्या मिठासारख्या आवाजात. हे शब्द मी घरी येईपर्यंत मनात धरून आणले:

‘त्यानं खटका दाबला तवा मी बगितलं, मडम. तू तोंड उगडलं आन् त्यानं दाबला. मला लई गार वाटलं त्या दिशी.’

मी विचारलं, कावून? ‘का’ म्हणायच्या जागी माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

‘तू यायच्या आदी पोरगं मला इचारून पानी प्यायचं. तू आली आन् जो कागूद आला तो तुज्याकडं. मला कळत न्हाई म्हनून कदी दावला पन न्हाई. नुसता दावायचा. मी काय खाल्ला असता?’

मग सूप झटकून म्हणाल्या, ‘जा. त्याचं जेवन व्हायचं असंल.’

म्हणजे इतकी वर्षं अंगणाच्या दोन्ही बाजूंनी. मी त्या कागदांना ओझं म्हणत होते.

मला समाधान वाटलं. कुणीतरी माझ्यावर जळत होतं याचं. लाज पण वाटली, पण समाधान आधी.

१७ एप्रिल

हे रोज दुपारी कॅसेट लावतात. मी रोज दुपारी माझं काम दुसऱ्या खोलीत काढते. शेवटी खाकरण्याच्या वेळेला मात्र दाराशी येते. ते ऐकून परत जाते.

मला वाटलं होतं अक्कांशी बोलले म्हणजे कमी होईल. झालं नाही. आता त्या आवाजात काय होतं तेही कळतं, म्हणून जास्तच.

मी यांना खाकरण्याचं सांगितलं नाही. सांगितलं तर ते उजवीकडे कान लावतील, त्यांना ऐकू येणार नाही, आणि ते मान हलवून हसतील. पाडव्याला हसले तसे.

२६ एप्रिल

पुण्याची तारीख आली. आठ मेला निघायचं. नीताकडे राहायचं, दोन-अडीच महिने तरी. ऑपरेशन उजव्या कानाचं.

पुण्याचे डॉ. नीताला म्हणाले, आठवड्याने पट्टी काढतात, तेव्हा खोलीत शांतता ठेवा, जवळच्या माणसाने हळू बोलावं. कान ज्याला ओळखतो असं माणूस.

मी आत्तापासून ठरवते आहे काय बोलायचं. काहीतरी साधं. ‘चहा घेता का’ सुद्धा चालेल.

१ मे

जेवताना हे म्हणाले, ‘कॅसेट घ्यायची हं पुण्याला. पट्टी काढली की पहिलं वहिनीचं लावू.’

मी वाढत होते. वाढलं. भात जास्त पडला.

आणि मग म्हणाले, ‘उजव्या बाजूला काय काय असेल त्यात, मला कधी कळलंच नाही.’

त्यांना माहीत आहे की नाही? अक्का सांगणाऱ्यातल्या नाहीत. की सहजच म्हणाले?



५ मे

अक्का पुण्याला येणार नाहीत. यांनी दोनदा विचारलं. ‘मी तिथं येऊन काय करू, बोलते ते तुला ऐकू येत न्हाई.’ हे त्यांनी मोठ्याने म्हणायचा प्रयत्न केला. यांना ऐकू आलं नाही, पण कळलं. उठून त्यांच्या पायांशी जाऊन बसले. मी आत येऊन बॅग भरू लागले. एकच साडी तीनदा घडी केली.

७ मे

उद्या पहाटे निघणार. मागे सुनंदा परळीहून येऊन राहील, तिच्यासाठी लिहून ठेवते. अक्कांना तिनेच वाचून दाखवावं. दाखवावंच, सगळं, शेवटपर्यंत.

म्हैस छावणीत सोडायची नाही. मधल्या गल्लीतल्या शेवंताबाईंना द्यावी, कडबा आमचा, दूध त्यांचं. टँकरचा आमचा नंबर त्यांनीच घ्यावा.

गव्हाचं पिंप सुनंदाला. लोणच्याची बरणी अक्कांना, त्या मागणार नाहीत, नेऊन ठेवावी.

माझी लोकरीची शाल अक्कांना. इथे उन्हाळा आहे, तरी द्यावी.

खतांच्या, औषधांच्या, बँकेच्या नावाने जो कागद येईल तो आधी अक्कांना दाखवावा. त्यांच्या हातात द्यावा. मग सुनंदाने वाचावा.

टीव्ही आणि हो. थि. अक्कांच्या खोलीत हलवावं. ऑप्टिकल वाकवू नये, पूजा झाली तरी टोकाला बोट लावू नये. रिमोटवर जे बटण दाबायचं त्याला मी नेलपॉलिश लावून ठेवलंय. डेक आणि लाल-पांढरी वायर तिथेच जोडलेली राहू द्यावी, काढू नये.

कॅसेट माझ्या पर्समध्ये आहे, यांनी सांगितल्याप्रमाणे.

नीताच्या घरी कॅसेट वाजवायला काही आहे की नाही, ते मी तिला विचारलेलं नाही.